घोडं आपलं, मग पैसे आपण का द्यायचे?

पत्र : ताई, मी शहाद्याजवळच्या एका गावात राहते, वय २४. एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) झालंय पण नोकरी नाही, घरी ट्यूशन घेते आणि ॲक्रिलिकमध्ये चित्रं काढते. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे काढलेले चार कॅनव्हास इन्स्टाग्रामवर टाकले होते. मागच्या आठवड्यात एकाचा मेसेज आला, आर्मीत आहे, पुण्याला पोस्टिंग आहे, दोन चित्रं पाहिजेत. मी साडेआठ हजार सांगितले, तो लगेच हो म्हणाला. मग त्याने क्यूआर पाठवला, म्हणे आर्मीच्या अकाउंटची सिस्टीम वेगळी असते, आधी ५ रुपये टाकून बघा, डबल होऊन येतील. मी टाकले आणि खरंच १० आले. मग त्याने ४,२५० चा क्यूआर पाठवला, मी पिन टाकला आणि पैसे कटले. तो म्हणाला चुकून झालं, परत स्कॅन करा, दोन्ही मिळून येतील. तेव्हा मी घाबरून फोन कट केला. ते पैसे मम्मीच्या बचत गटाच्या हप्त्याचे होते, अकाउंट आमचं दोघींचं जॉइंट आहे. घरी अजून सांगितलं नाही. आता बाहेरच्या देशातली एक बाई मेल करतेय, तिला उरलेले दोन घोडे पाहिजेत. पेपॅलने पैसे पाठवले म्हणते, पेपॅलचा मेल पण आला की पैसे आलेत, पण अकाउंट अपग्रेड करायला आधी मी काही रक्कम भरायची. हे तरी खरं असेल का? की ऑनलाइन विकणं बंदच करू? खेड्यात राहून चित्रं विकायला निघाले हीच माझी चूक झाली का?

उत्तर :

बेटा,

आधी दोन कामं, बाकीचं नंतर वाच. त्या पेपॅलवाल्या बाईला एक रुपया पाठवू नको आणि तिच्या मेलमधल्या कुठल्याच लिंकवर बोट लावू नको. दुसरं म्हणजे १९३० ला फोन लाव, आजच. हा नंबर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच आहे, देशभर एकच आहे, बिझी लागला तर लावत राहा. नाहीच लागला तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाक. फोन लावायच्या आधी यूपीआय ॲपची हिस्टरी उघडून त्या ४,२५० च्या व्यवहाराचा १२ आकडी नंबर वहीत लिहून घे, तारीख आणि वेळ लिही, पैसे ज्याला गेले त्याचं तिथे दिसणारं नाव आणि यूपीआय आयडी लिही, त्याचा मोबाईल नंबर लिही. चॅट डिलीट केली नसशील तर करू नको, केली असशील तर जे उरलंय त्याचे स्क्रीनशॉट काढ. त्याला चिडून मेसेज करायचाय असं वाटत असेल तर तेही नको, तो ब्लॉक करून पळेल आणि प्रोफाइल गायब होईल.

लवकर कर असं का म्हणते ते पण ऐक. असा पैसा एका खात्यात थांबत नाही, तिथून दुसऱ्या तिसऱ्या खात्यात पळवतात आणि मग एटीएममधून काढून घेतात. तक्रार नोंदली की बँका त्या साखळीच्या मागे जातात आणि पैसा जिथे सापडेल तिथे होल्ड लावतात, म्हणून पहिले एक-दोन तास सोन्यासारखे असतात. तुला आठवडा होऊन गेलाय, त्यामुळे पैसे मिळतीलच अशी खोटी आशा मी लावणार नाही. पण तक्रार करच, कारण तो माणूस एकट्या तुलाच फसवून थांबलेला नसतो, त्याच खात्यावर अजून कुणाची तक्रार आली असेल तर काही रक्कम अडकलेलीही असू शकते. बँकेतही लेखी अर्ज दे आणि पोच घे. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे की ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि ३ कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. तुझ्या बाबतीत पिन तू स्वतः टाकलास, त्यामुळे बँक ते पैसे भरून देईल असं नाही. पण तू कळवल्यानंतर जर तू पिन न टाकता त्या खात्यातून अजून काही गेलं तर ती जबाबदारी बँकेची होते, एवढ्यासाठी तरी तो कागद पाहिजे. पोलीस ठाण्यातही जाता येतं. दुसऱ्याचं सोंग घेऊन मोबाईल-कॉम्प्युटरवरून फसवणं हा आयटी ॲक्टच्या कलम ६६ डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्याला, तेव्हा ‘चार हजारासाठी काय तक्रार’ असं कुणी म्हटलं तरी मागे फिरू नको.

आता नेमकं काय झालं ते नीट समजून घे, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी भीती जाईल.

बँकेत दोन स्लिपा असतात ना, एक पैसे भरायची आणि एक काढायची. काढायच्या स्लिपवर तुझी सही लागते. भरायच्या वेळी मात्र तुझ्या खात्यात गावातला कुणीही येऊन पैसे भरून जाऊ शकतो, तुला तिथे हजर पण राहावं लागत नाही. यूपीआय पिन म्हणजे काढायच्या स्लिपवरची सही. बॅलन्स बघायला पिन लागतो आणि पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही, कुठल्याच ॲपला नाही, आर्मीला नाही, सरकारी खात्याला नाही, कुणालाच नाही. आणि समोरच्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन करणं म्हणजे त्याला पैसे द्यायला निघणं. किराणा दुकानात काउंटरवर क्यूआर चिकटवलेला असतो, तो आपण स्कॅन करतो तेव्हा पैसे दुकानदाराला जातात की आपल्याला येतात? बस, तेवढंच आहे ते. तुझ्या सौद्यात दुकानदार तू होतीस, मग क्यूआर तुझा पाहिजे होता आणि स्कॅन त्याने करायला पाहिजे होतं. त्याने ते उलटं केलं आणि उलटं केलेलं तुझ्या लक्षात येऊ नये म्हणून आर्मीची वेगळी सिस्टीम वगैरे सांगितलं.

ते ५ चे १० झाले ते गळाला लावलेलं गांडूळ. त्याने खिशातून ५ रुपये जास्तीचे घातले आणि तुझ्या मनातली शंका काढून घेतली, कारण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर माणूस विश्वास ठेवतोच. आणि नंतरचं ‘परत स्कॅन करा, दोन्ही मिळून येतील’ ऐकून किती तरी लोक दोनदा तीनदा स्कॅन करतात, गेलेले पैसे सोडवायच्या नादात अजून घालवत जातात. तू तिथे फोन कट केलास. तो फार मोठा शहाणपणा होता, तुला तसं वाटत नसेल तरी.

पूर्वी असे लोक ॲपमधूनच पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवायचे आणि ‘ॲक्सेप्ट करा म्हणजे पैसे येतील’ सांगायचे. एका माणसाने दुसऱ्याकडे अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने बंद केली, पण दुकानदार म्हणून नोंदलेल्या खात्यावरून रिक्वेस्ट अजून येऊ शकते आणि क्यूआर तर आहेच. म्हणून एक दार बंद झालं म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

फौजीचं सोंग का घेतात ते तुला सांगायला नको. आपल्या गावागावातून पोरं फौजेत गेलीयत, वर्दीवाला माणूस खोटं बोलेल असं आपल्या मनातच येत नाही, त्याच मानाचा हे लोक बाजार करतात. तुला त्याने वर्दीतला फोटो आणि कार्डाचा फोटो पण पाठवला असेल, सहसा पाठवतातच, आणि तो कुठल्या तरी खऱ्या जवानाचा चोरलेला असतो. चित्र घ्यायला कुणी ओळखपत्र दाखवतं का? मागितलं नसताना जो कागद पुढे करतो त्याच्यापासून चार हात लांब राहा, मी तर राहते.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तुझ्या पत्रात ४,२५० पेक्षा मला दुसरं एक वाक्य जास्त लागलं, ‘तो लगेच हो म्हणाला’. मला माहितीये तेव्हा कसं वाटलं असेल. महिनोन्‌महिने चित्रं टाकायची, मैत्रिणींचे हार्ट येतात, काका विचारतात हे किती दिवस चालणार, आणि एक दिवस एक अनोळखी माणूस म्हणतो तुमचा घोडा जिवंत वाटतो, दोन पाठवा. पैशाआधी आपल्याला त्या शब्दाचीच भूक असते गं, आणि हे लोक त्या भुकेवरच हात ठेवतात. म्हणून तुला लालची म्हणणारा कुणी भेटला तर मनाला लावून घेऊ नको. तू लालचीने फसली नाहीस, कौतुकाने फसलीस.

पण तू सारंगखेड्याच्या घोडेबाजारातले घोडे काढतेस ना, मग तिथे सौदा कसा होतो ते तुझ्यापेक्षा कुणाला जास्त माहीत. घेणारा आधी दात बघतो, पाय उचलून खुर बघतो, चालवून बघतो, दहा खोड्या काढतो, चहा पिऊन परत येतो, भाव पाडून मागतो. आणि ठरलं की इसार तो देतो, विकणारा देत नाही. पूर्ण पैसे मोजून हातात पडल्याशिवाय लगाम कुणी सोडतं का? हीच रीत चित्राला लाव. खरा गिऱ्हाईक विचारतो, साइज काय, कॅनव्हास ताणलेला आहे की गुंडाळून येईल, फ्रेम आहे का, उन्हात रंग उडेल का, पार्सल कसं करणार, शंभर-दोनशे कमी करा ना. ज्याने काहीच विचारलं नाही, भाव पण केला नाही आणि जो पेमेंटच्या गोष्टीवर घाईघाईने आला, त्याला घोडा नको होता. भाव न करणारे चांगले गिऱ्हाईक पण असतात, मी नाही म्हणत नाही, पण त्यांना घाई नसते आणि त्यांना तुझ्या पिनशी काही घेणंदेणं नसतं.

माझ्यासोबतही झालंय, म्हणून एवढं तळमळून लिहितेय. दिवाळीला मी हाताने रंगवलेल्या पणत्या विकते. एकीने १,८०० ची ऑर्डर दिली, थोड्या वेळाने मेसेज आला १८,००० जमा झाले, आणि लगेच तिचा फोन, रडत होती, ताई एक शून्य जास्त पडलं हो, नवरा दवाखान्यात आहे, वरचे पैसे लगेच या दुसऱ्या नंबरवर परत करा. माझं काळीज हललं, मी पाठवणारच होते, पण गावात नेटला रेंज नव्हती, ॲप उघडेना. सकाळी बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं तर काहीच जमा नाही. मग तो मेसेज नीट पाहिला, तो साध्या १० आकडी मोबाईल नंबरवरून आला होता. बँकेचा मेसेज तसा येत नाही, तो अक्षरांच्या नावाने येतो. त्या दिवशी रेंज असती तर १६,२०० गेले असते. तेव्हापासून माझ्याकडे मेसेजला किंमत नाही, समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटला तर अजिबातच नाही, कारण हुबेहूब पेमेंट झाल्याचा स्क्रीन दाखवणारे खोटे ॲप निघालेत. माझी आजी अहिराणीत एकच विचारायची, ‘पैसा उना का?’ तो आला का हे आपलं बँकेचं ॲप स्वतः उघडून बॅलन्समध्ये बघायचं, नाहीतर पासबुकात.

आणि समज खरंच कुणाचे जास्त पैसे आले तर? तरी तो सांगेल त्या नंबरवर परत पाठवायचे नाहीत. बँकेत जाऊन सांगायचं की चुकून रक्कम आली आहे, ज्या खात्यातून आली तिथेच उलटी फिरवा. कारण कधी कधी तो पैसा दुसऱ्याच एखाद्या फसवलेल्या माणसाचा असतो, तुझ्या खात्यातून फिरवून घेतात आणि मग त्या माणसाने तक्रार केली की होल्ड तुझ्या खात्यावर लागतो. तुझं आणि मम्मीचं खातं अडकलं तर बचत गटाचा हप्ता पण अडकला.

आता ती पेपॅलवाली. पेपॅल स्वतः खोटं नाही, १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात त्याचं पेमेंट बंद आहे पण परदेशातून पैसे घ्यायला ते चालतं, आणि बरेच कलाकार वापरतात. पण पैसे आले की ते तुझ्या पेपॅल अकाउंटमध्ये लॉगिन केल्यावर दिसतात, मेलमध्ये नाही. तुझं अकाउंट असेल तर ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन कर आणि बघ. आणि अकाउंटच नसेल तर पैसे आले कुठे? ‘आधी अपग्रेडचे पैसे भरा मग तुमची रक्कम मोकळी होईल’ हे क्यूआरवाल्याचंच गाणं आहे, नुसती चाल बदललीय. पाठवणाऱ्याचा मेल आयडी पूर्ण उघडून वाच, वर नाव पेपॅल दिसेल आणि खाली भलताच पत्ता असेल. ह्याच्यातच अजून एक प्रकार असतो, ती म्हणेल माझा शिपिंग एजंट चित्र न्यायला येईल, मी जास्तीचे पैसे पाठवलेत त्यातून त्याचं भाडं तुम्ही द्या. चेकने पण हेच करतात, चेक नंतर बाउन्स होतो आणि एजंटला दिलेलं भाडं तुझ्या खिशातून गेलेलं असतं. कुरिअर नेहमी तू निवडायचं.

तुझ्या इन्स्टावर अजून काय काय येईल तेही सांगून ठेवते. कुणी म्हणेल तुमचं चित्र एनएफटी म्हणून, म्हणजे इंटरनेटवरची डिजिटल मालकी म्हणून, लाखात घेतो, फक्त आधी ते नोंदवायची गॅस फी भरा. कुणी म्हणेल तुमच्या फोटोवरून मला मोठं भित्तिचित्र करायचंय, चेक पाठवतो, त्यातून रंगवाल्याचे पैसे त्याला वळते करा. कुणी पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके म्हणजे ॲपची फाइल पाठवेल, ती उघडायचीच नाही, पावती फोटो असतो नाहीतर पीडीएफ, ॲप नसतं. पेमेंट अडकलंय, मदत करतो म्हणून एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला सांगेल, ते तर बिलकुल नाही. आणि अभिनंदन, आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तुमची निवड झाली, नोंदणी फी भरा. इथे थोडं थांबून विचार कर, कारण प्रवेश फी असणं म्हणजे फसवणूक असं नाही, खऱ्या प्रदर्शनांनाही थोडी फी असते, पण तिथे अर्ज आपण करतो. अर्ज न करता निवड होत नाही.

विकणं बंद करू का विचारतेस. नको करू. मी एवढंच म्हणेन की मम्मीचं जॉइंट खातं त्या धंद्यातून बाहेर काढ. स्वतःच्या नावाचं एक वेगळं सेव्हिंग खातं उघड, यूपीआय फक्त त्यालाच जोड, पैसे आले की दुसऱ्या खात्यात वळते कर म्हणजे तिथे कधी फार शिल्लकच राहणार नाही. ॲपमध्ये मोबाईल नंबर नसलेला वेगळा यूपीआय आयडी बनवता येतो, गिऱ्हाइकाला तो दे किंवा तुझा क्यूआर दे. अर्धे पैसे ॲडव्हान्स, बाकी पॅक केलेल्या चित्राचा फोटो पाठवल्यावर, आणि पूर्ण रक्कम बॅलन्समध्ये दिसल्यावरच पार्सल. पुढचा ‘जमत नाही’ म्हणाला तर म्हणू दे. पार्सल टाकलं की पावती आणि ट्रॅकिंग नंबर जपून ठेव, परदेशी ऑर्डर खरी असली तरी नंतर ‘मिळालंच नाही’ म्हणून पेमेंट परत खेचता येतं, तेव्हा तीच पावती कामी येते. पत्ता पण पेमेंटमध्ये दिलेला असेल त्याच पत्त्यावर पाठवायचं. कुणी घरी येऊन नेतो म्हणाला तर एकटी असताना बोलवू नको, शहाद्याला एखाद्या ओळखीच्या दुकानात भेट.

आणि खेड्यात राहण्याचं म्हणशील तर आपल्या चाळीसगावला केकी मूस राहत होते, जवळजवळ घराबाहेर न पडता त्यांनी आयुष्यभर फोटो आणि चित्रं केली आणि जगभरातून बक्षिसं त्या बंगल्यात आली. स्टेशनजवळच आहे ते कलादालन, एकदा जाऊन ये. गाव आडवं येत नाही गं.

अजून एक धोका आहे, तो तक्रारीनंतरचा. काही दिवसांनी फोन येऊ शकतो, मी सायबर सेलमधून बोलतोय किंवा वकील बोलतोय, तुमचे ४,२५० सापडलेत, सोडवायला ५०० रुपये फी भरा. तो पण त्यांच्यातलाच. पैसे परत द्यायला पोलीस फी घेत नाहीत. तुझ्या तक्रारीचं काय झालं ते तक्रार नंबर टाकून पोर्टलवरच बघायचं, नाहीतर १९३० ला आपण स्वतः फोन करायचा.

राहिलं घरी सांगायचं. सांगावंच लागेल, कारण खात्यावर मम्मीचं पण नाव आहे, बँकेच्या अर्जावर तिची सही लागू शकते आणि तिच्या मोबाईलवर मेसेज आला असेल तर ती आतापर्यंत तुझ्या सांगण्याची वाट बघत असेल. आधी पैशाने सुरुवात करू नको. आधी तिला तो पांढरा घोडा दाखव, तू मला फोटो पाठवलास तोच, ज्याच्या मागे तापीचं पाणी चमकतंय, आणि सांग की हा घेतो म्हणून एकाने मला फसवलं. ट्यूशनच्या पैशातून हप्ता कसा भरणार तेही सांग, महिन्याला हजार-हजार केले तरी चार-पाच महिन्यांत फिटतात. ती चिडेल, थोडा वेळ बोलेल, बोलू दे. मग तिला शेजारी बसवून १९३० लाव, पासबुक तिच्याच हातात असू दे, कारण ते लोक खाते नंबर विचारतील तेव्हा तो तिलाच वाचून सांगायचाय.